स्वखर्चाने निघालेल्या पुस्तकांच्या परीक्षणाविषयी मराठवाड्यातील संपादकांस खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील वाङ्मयीन नियतकालिके, दिवाळी अंक आणि वृत्तपत्रांच्या साहित्य पुरवण्या यांचे संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या टेबलावर परीक्षणासाठी येऊन पडणाऱ्या पुस्तकांत आता मोठा वाटा लेखकांनी स्वतःच काढलेल्या पुस्तकांचा असतो. प्रकाशक म्हणून त्यांवर लेखकाचे, त्याच्या पत्नीचे किंवा आईच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या एखाद्या प्रकाशनाचे नाव असते. हे पुस्तक तालुक्याच्या गावातल्या डीटीपी केंद्रात जुळवलेले असते, संभाजीनगर, नांदेड किंवा पुण्यात छापून आणलेले असते, आणि निवृत्तीच्या रकमेतून, भिशीतून किंवा सोयाबीनच्या पट्टीतून त्याचे पैसे चुकते झालेले असतात. मी परभणीत राहून अशी पुस्तके वाचतो आणि त्यांवर लिहितो. कवितासंग्रहापासून शेतीच्या मार्गदर्शिकेपर्यंत सर्व प्रकारची पुस्तके माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या परीक्षणाची जी रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, तिच्याविषयी आपल्याशी सविस्तर बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे मुख्य म्हणणे आरंभीच सांगतो. प्रस्थापित प्रकाशनसंस्थेचे पुस्तक आपल्यापर्यंत येते, तेव्हा त्याचे हस्तलिखित नाकारण्याच्या तयारीने कुणीतरी वाचलेले असते, संपादकाने एखादे प्रकरण गाळायला लावलेले असते आणि मुद्रितशोधकाने निदान दोनदा प्रुफे तपासलेली असतात. निदान तशी अपेक्षा तरी असते. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याचे लेखन छापण्यापूर्वी वाचणारे म्हणजे घरचे लोक, शाळेतले सहकारी आणि प्रस्तावना लिहून देणारे सर. घरचे गप्प राहतात, सहकारी छान झाले आहे म्हणतात, आणि प्रस्तावनाकार पुस्तकाला वळसा घालून साहित्याच्या प्रयोजनावर चार पाने लिहून देतात. म्हणून अशा पुस्तकाचे परीक्षण हे त्या पुस्तकाचे पहिले संपादन असते, फक्त ते छपाईनंतर होत असते. ते आपण केले नाही तर कुणीच करत नाही, आणि तोच लेखक दोन वर्षांनी त्याच उणिवा घेऊन दुसरे पुस्तक काढतो. संपादनाचे मोल या भूमीला कुणी समजावून सांगावे अशी परिस्थिती नाही. शके १५०६ मध्ये पैठणला एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध पोथ्यांतील पाठ तपासून शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण दर नाथषष्ठीला अभिमानाने सांगतो.

आज या पुस्तकांना दोनच प्रकारची वागणूक मिळते. पहिली म्हणजे ‘साभार पोच’. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, पृष्ठे, किंमत, संपले. दोन प्रती टपालाने पाठवून लेखक महिनोन्‌महिने वाट पाहतो आणि एका रविवारी बारीक टायपात स्वतःचे नाव शोधतो. दुसरी वागणूक मला अधिक घातक वाटते, ती म्हणजे सदिच्छापर परिचय. यात पहिला परिच्छेद लेखकाच्या गावाचा आणि नोकरीचा, दुसरा मुखपृष्ठकाराच्या कौतुकाचा, मग तीन-चार ओळींची उद्धृते, आणि शेवटी ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’. पुस्तक न उघडता, केवळ मलपृष्ठावरची पाठराखण वाचून असा परिचय लिहिता येतो आणि पुष्कळदा तो तसाच लिहिला जातो, हे आपणही जाणता. अशा परिचयाचे कात्रण लेखक चौकट करून भिंतीला लावतो. वाचकाला मात्र त्यातून एवढेही कळत नाही की, हे पुस्तक विकत घ्यावे की ग्रंथालयातून आणावे की सोडून द्यावे.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. पुरवणीची पाने आटली आहेत, परीक्षकाला मानधन देण्याची ऐपत बहुतेक नियतकालिकांत नाही, आणि येणाऱ्या पुस्तकांत कवितासंग्रह इतके असतात की ते सगळे वाचायचे ठरवले तर संपादकाला दुसरे कामच उरणार नाही. प्रत्येक पुस्तकाचे परीक्षण छापावे अशी माझी मागणी नाही. थोडी निवडा, पण जी निवडाल ती शेवटच्या पानापर्यंत वाचून, त्या त्या प्रकाराच्या कसोटीवर घासून त्यांविषयी लिहवून घ्या, एवढेच माझे मागणे आहे. मराठीत हे पूर्वी घडलेले आहे. साठच्या दशकात वसंत दावतरांनी ‘आलोचना’ हे केवळ ग्रंथपरीक्षणाला वाहिलेले मासिक मुंबईत सुरू केले आणि चिकाटीने चालवले. आपल्या संभाजीनगरातून प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचे नियतकालिक चालवले, तेव्हा ज्यांना इतरत्र दार उघडत नव्हते त्यांचे लेखन छापलेच, शिवाय त्या लेखनावर गांभीर्याने चर्चाही घडवून आणली. सवलत देणे आणि गांभीर्याने घेणे यांतला फरक त्या अंकांनी दाखवून दिलेला आहे.

गांभीर्य म्हणजे चुका काढणे, असा समज करून घेणारेही परीक्षक आपल्याकडे आहेत. स्वयंप्रकाशित पुस्तक हाती आले की त्यांचे लाल पेन आधी बाहेर येते: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हे. या वृत्तीचा मराठीतला सर्वांत प्रसिद्ध दाखला विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा आहे. १८७४ साली सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाची टर उडवली ती मुख्यतः त्यांच्या भाषेवरून आणि व्याकरणावरून. फुले काय म्हणत होते, याचा विचार त्या परीक्षणाला पेलला नाही. दीडशे वर्षांनंतर फुल्यांचे ग्रंथ वाचले जातात, आणि त्या परीक्षणाची आठवण निघते ती परीक्षकाच्या मर्यादेचे उदाहरण म्हणून. गंमत अशी की ‘निबंधमाला’ ही स्वतःही जवळजवळ एकट्या माणसाने लिहिलेली आणि त्याच्याच जबाबदारीवर चाललेली मासिक पुस्तिका होती. आजच्या भाषेत चिपळूणकरही स्वतंत्र लेखकच होते. मुद्रणदोषांबाबत माझी पद्धत अशी आहे की त्यांची पानवार यादी करून ती लेखकाला थेट पाठवावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ती उपयोगी पडेल, आणि परीक्षणात त्याविषयी एकच वाक्य लिहावे. दोष इतके असतील की वाचनच अडावे, तर ते वाक्य कठोर असायला हरकत नाही.

आता प्रकारांविषयी, कारण खरी गफलत तिथे आहे. आपल्याकडे परीक्षक म्हटला की तो मराठी विषयाचा प्राध्यापक असतो. कविता, कादंबरी, ललित लेखन यांवर त्याने लिहावे हे ठीकच आहे. परंतु स्वखर्चाने निघणाऱ्या पुस्तकांचा पसारा त्याच्या विषयाच्या फार बाहेर गेलेला आहे.

गावाच्या इतिहासाचे उदाहरण घेतो, कारण मराठवाड्यात या प्रकाराला जे महत्त्व आहे ते राज्याच्या इतर भागांत क्वचितच असेल. मराठवाडा ज्याचा भाग होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी शरण आले. त्यापूर्वीच्या वर्षभरात गावोगावी जे घडले, रझाकारांचे हल्ले, स्वातंत्र्यसैनिकांनी सरहद्दीवरच्या कॅम्पांतून केलेल्या कारवाया, रातोरात गाव सोडून गेलेली कुटुंबे, आणि पोलीस कारवाईनंतर काही ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर जे बेतले तेही, यातले फारच थोडे ग्रंथबद्ध आहे. उमरीच्या बँकेवरील धाडीसारख्या गाजलेल्या घटना पुस्तकांत आल्या. बाकीच्या त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी राहिल्या. तेव्हा पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेलेला आहे. अशा वेळी एखादा निवृत्त मुख्याध्यापक चार-दोन वृद्धांना भेटून, पारावर ऐकलेले लिहून काढून, सव्वाशे पानांची पुस्तिका छापतो, तेव्हा त्याने केलेले काम एखाद्या विद्यापीठीय प्रकल्पाच्या तोडीचे असू शकते. तसेच ते ऐकीव गोष्टींचे गाठोडेही असू शकते. या दोहोंतला फरक कोण सांगणार? पुस्तिकेच्या परीक्षकाने विचारायला हवे की, साक्ष देणाऱ्याचे त्या वेळचे वय लेखकाने दिले आहे का, तो स्वतः तिथे होता की त्याने वडिलांकडून ऐकले, एकाच घटनेच्या दोन हकिकती जुळत नसतील तर लेखकाने दोन्ही दिल्या की सोयीची एक निवडली. निजामी राजवटीच्या अखेरच्या काळातले महसुली कागद उर्दूत आहेत, त्याआधीचे बरेचसे फारसीत किंवा मोडीत; लेखकाने ते स्वतः वाचले, कुणाकडून वाचून घेतले, की ‘जुन्या कागदपत्रांवरून दिसते’ एवढ्यावर भागवले? वेशीतल्या शिलालेखाचा ठसा किंवा छायाचित्र छापले आहे का, की नुसताच अर्थ दिला आहे? गावाचे नाव पांडवांच्या वनवासापर्यंत नेऊन भिडवणारे पहिले प्रकरण बहुतेक पुस्तिकांत असतेच. त्यावर हसून पुस्तिका बाजूला ठेवणारा परीक्षक तिसऱ्या प्रकरणातली खरी साक्ष गमावून बसतो. हे सगळे तपासायला इतिहासाचा शिक्षक हवा, मोडी किंवा उर्दू वाचणारा माणूस हवा, आणि असे लोक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांना परीक्षक म्हणून कुणी विचारलेले नाही, इतकेच.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी. ग्रंथ वितरणाच्या १९५४ च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या अन्य ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखक कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकच असतो. पण ही गोष्ट माझ्या भेटीतल्या बहुतेक लेखकांच्या गावीही नसते. परिणामी तीनशे प्रती वाटून संपल्या की ती पुस्तिका कोणत्याच सूचीत सापडत नाही. आपल्या अंकात तिचे नीट परीक्षण आले, तर उद्याच्या अभ्यासकासाठी ते परीक्षण हाच तिचा एकमेव माग असू शकतो.

शेतीच्या पुस्तकांबाबत तर परीक्षकाची चूक कुणाच्या तरी शेतात उगवते. हळद, मोसंबी, केशर आंबा, सोयाबीन, कपाशी यांवर शेतकऱ्यांनी आणि कृषी सेवा केंद्रे चालवणाऱ्यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिका मोठ्या प्रमाणात निघतात, आणि इतर कोणत्याही स्वयंप्रकाशित पुस्तकापेक्षा त्या अधिक खपतात. त्यांतल्या काही फार चांगल्या असतात, कारण लेखकाने तो प्रयोग स्वतःच्या जमिनीत केलेला असतो. पण फवारणीचे प्रमाण देताना दहा लिटर पाण्याचे आणि एकराचे आकडे एकमेकांत मिसळलेले मी पाहिले आहेत; काळ्या भारी जमिनीत जमलेली गोष्ट बरड माळरानालाही लागू आहे असे गृहीत धरलेले पाहिले आहे; बोंडअळीवरचा एखादा उपाय एका हंगामात लागू पडला म्हणून तो कायमचा इलाज म्हणून मांडलेला पाहिला आहे. असे पुस्तक मराठीच्या प्राध्यापकाकडे गेले की तो लेखकाच्या ‘मातीशी असलेल्या नात्या’वर लिहितो. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथले आजी-माजी प्राध्यापक, तालुक्याचे निवृत्त कृषी अधिकारी, दहा वर्षे तेच पीक घेणारा दुसऱ्या गावचा शेतकरी, यांच्यापैकी एकाने पुस्तकातले आकडे विद्यापीठाच्या शिफारशींशी आणि औषधाच्या वेष्टनावरील सूचनांशी ताडून पाहावेत. लेखकाचा अनुभव शिफारशीपेक्षा वेगळा असेल, तर तो वेगळा का असावा याची चर्चा परीक्षणात व्हावी. अशी चर्चा कृषिविषयक मासिकांतही कमीच दिसते, मग साहित्य पुरवणीत का नको?

कवितेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. गझलसंग्रह असेल तर परीक्षकाला काफिया (यमक), रदीफ (त्यापुढे येणारा, न बदलणारा शब्द), अलामत (यमकाआधीचा न बदलणारा स्वर) आणि वृत्त कळले पाहिजे. न कळणाऱ्याने तो संग्रह परत करावा, त्यात कमीपणा नाही. नवे अभंग लिहिणाऱ्यांचीही आपल्याकडे वाण नाही. नामदेव नरसीचे, जनाबाई गंगाखेडची, तेव्हा तो छंद इथल्या हाडीमांशी आहे; परंतु सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरांची मांडणी साधली म्हणजे अभंग झाला, असे मानणाऱ्या संग्रहाला तसे स्पष्ट सांगणारा कुणीतरी हवा. मुक्तछंदाच्या नावाखाली गद्य वाक्य तोडून ओळी पाडलेल्या असतील, तर परीक्षकाने एखादी कविता सलग गद्यात मांडून दाखवावी आणि काय हरवले ते वाचकाला विचारावे. तसे करताना परवानगीची चिंता नको. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार समीक्षेसाठी केलेला वाजवी वापर हा हक्कभंग ठरत नाही, म्हणून मुद्दा सिद्ध होण्यापुरते उद्धृत करण्यास परीक्षकाने कचरू नये.

कादंबऱ्यांत बोलीचा प्रश्न येतो. ‘कामून’, ‘जायलाव’ अशी रूपे पाहून जे परीक्षक नाक मुरडत, त्यांची पिढी आता मागे पडली. तिच्या जागी बोली दिसली की पुस्तकच अस्सल ठरवणारे परीक्षक आले आहेत. बोली वापरली एवढ्यावर गुण देऊ नयेत. एकच पात्र पहिल्या प्रकरणात औसा-निलंग्याकडचे बोलते आणि पाचव्यात गंगापूर-वैजापूरकडचे, निवेदक शहरी प्रमाण भाषेतून गावाकडे वरून पाहतो, गरीब माणसे तेवढी बोलीत बोलतात आणि डॉक्टर-मास्तर शुद्ध, हे सगळे दाखवून द्यायला परीक्षकाचा कान त्या भागातला हवा. पुण्या-मुंबईच्या परीक्षकाला हे ऐकू येणार नाही, म्हणून हे काम आपलेच आहे. आत्मकथनांबाबत मला एवढेच म्हणायचे आहे की, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली, दुष्काळी कामावरची सुकडी खाल्लेली, किंवा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात ढिगाऱ्याखालून वाचलेली माणसे लिहितात, तेव्हा त्यांच्या अनुभवापुढे परीक्षकाची लेखणी दबते. तशी ती दबू नये. अनुभव मोठा आहे हे मान्य करूनच, पुस्तकाची शेवटची ऐंशी पाने सत्कार, बदल्या आणि मुलांच्या लग्नांनी भरली आहेत हे सांगता येते. सांगितले तर दुसरी आवृत्ती निम्मी आणि दुप्पट वाचनीय होईल.

रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांचे परीक्षण आपण जवळजवळ करतच नाही. हे लेखन हलके, असा एक जुना ग्रह त्यामागे आहे. मात्र गावातल्या ग्रंथालयात जाऊन देवघेवीची नोंदवही पाहावी. पाने सुटेस्तोवर फिरलेली पुस्तके कोणती, ते तिथे दिसेल. आता तर हे लेखक छपाईच्या फंदातही पडत नाहीत. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकांची सोय झाल्यापासून बीड-लातूरकडचे तरुण आपल्या कादंबऱ्या थेट तिथे टाकतात, आणि ‘छापील दोन प्रती पाठवाव्यात’ या आपल्या नियमामुळे त्या परीक्षणाला पात्रच ठरत नाहीत. रहस्यकथेची कसोटी अवघड नाही: उलगडा होण्यासाठी लागणारे धागे वाचकासमोर आधी ठेवले होते का, की शेवटच्या प्रकरणात लेखकाने खिशातून नवा माणूस काढला? एवढे, शेवट न फोडता, सांगणारे परीक्षण आजच्या घडीला मराठीत शोधून सापडत नाही. बालसाहित्य, बंजारा बोलीत देवनागरीतून होणारे लेखन, दखनी या इथल्या उर्दू बोलीतल्या शायरीची देवनागरी पुस्तके, यांची स्थिती याहून वाईट आहे, कारण त्यांना पोचही मिळत नाही. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिका साहित्यात मोडत नाहीत हे खरे. पण उत्तरसूचीतल्या चुका मोजून छापणारे एखादे सदर कुणी चालवले, तर त्या अंकाला विद्यार्थी रांग लावून घेतील, हे गमतीने आणि गांभीर्यानेही सांगतो.

यापुढचा मुद्दा पैशाचा आहे आणि तो मी आडवळणाने मांडणार नाही. परीक्षण छापायचे तर आधी जाहिरात द्या, अंकाची आजीव वर्गणी भरा, किंवा परीक्षकाचे ‘मानधन’ लेखकानेच परस्पर द्यावे, असे सुचवणारे फोन लेखकांना येतात. सगळे संपादक असे करत नाहीत; बहुसंख्य करत नाहीत असेच मी मानतो. दुसरीकडे लेखक स्वतःच परीक्षण लिहून मित्राच्या सहीने पाठवतात, आणि दोन कवी एकमेकांच्या संग्रहांवर आलटून पालटून लिहितात. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन ग्राहक अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. म्हणजे पंखा किंवा मिक्सरविषयीचा अभिप्राय कसा गोळा करावा आणि छापावा याचा विचार देशात झाला आहे. पुस्तकांच्या परीक्षणाबाबत आपण निदान दोन ओळींचा नियम अंकात छापू शकतो: परीक्षणासाठी कोणाकडूनही रक्कम घेतली जात नाही, आणि परीक्षकाचे लेखकाशी नाते, स्नेह किंवा प्रस्तावनेचा संबंध असल्यास तो परीक्षणाखाली नमूद केला जातो. आपल्या आठ जिल्ह्यांत लिहिणारे सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे अनोळखी परीक्षक मिळणे कठीण आहे. ओळख असण्यात दोष नाही; ती लपवण्यात आहे.

आयएसबीएन क्रमांकाविषयीही एक गैरसमज परीक्षणांतून पसरतो. ‘आयएसबीएन प्राप्त ग्रंथ’ असे विशेषण लावून पुस्तकाचा दर्जा सुचवला जातो. हा तेरा अंकी क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळखखूण; गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, आणि स्वतंत्र लेखकही त्यासाठी अर्ज करू शकतो. महाविद्यालयीन बढतीच्या गुणांकनासाठी प्रकाशने लागतात, म्हणून या क्रमांकाभोवती एक छोटा बाजारच उभा राहिला आहे. आपल्या परीक्षकांनी ते विशेषण वापरणे बंद केले, तरी काही लेखकांचे पैसे वाचतील.

परीक्षणाच्या चौकटीत काय असावे, याबाबत एक साधी पण महत्त्वाची गोष्ट. प्रकाशनसंस्थेचे पुस्तक दुकानात मिळते. स्वतंत्र लेखकाचे मिळत नाही. त्याच्याकडे वितरक नसतो, पुस्तके घरात पलंगाखाली असतात. असे असताना परीक्षणाखाली ‘प्रकाशक: स्वतः लेखक’ एवढेच छापले, तर उत्तम परीक्षण वाचून पेटलेला वाचकही पुस्तकापर्यंत पोहोचू शकत नाही. लेखकाच्या संमतीने मागणीचा पत्ता किंवा दूरध्वनी, टपालखर्चासह किंमत आणि ई-पुस्तक असल्यास ते कुठे मिळते, हे छापलेच पाहिजे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यांच्या ग्रंथपालांना पुस्तकखरेदीच्या वेळी भरवशाची निवड हवी असते. विक्रेत्याच्या गठ्ठ्यातून सवलतीवर येणारी पुस्तके घेण्यापेक्षा आपल्या अंकातली परीक्षणे पाहून पुस्तके मागवावीत, असे त्यांना वाटायला लागले, तर आपल्या अंकालाही नवे वर्गणीदार मिळतील. ‘साभार पोच’ ठेवायचीच असेल, तर प्रत्येक नोंदीत पुस्तकाचा प्रकार आणि विषय सांगणारे एकच वाक्य घालावे. तेवढ्यानेही ग्रंथपालाचे काम भागते. दोन प्रतींचा आग्रह सोडून एक प्रत किंवा पीडीएफ स्वीकारावी. पुस्तक वर्षभरात निघालेलेच हवे ही अट शिथिल करावी, कारण स्वतंत्र लेखकाला परीक्षणासाठी कुठे पाठवायचे हे कळायलाच वर्ष जाते. आणि परीक्षण करणार नसाल, तर तसे दोन ओळींत कळवावे. नकार पचवता येतो. मौनाचा अर्थ लावत बसण्यात मात्र माणूस कडवट होतो.

लेखकांच्या बाजूने सर्व काही निर्मळ आहे असे मी म्हणणार नाही. परीक्षकाला दर आठवड्याला फोन करून ‘वाचले का’ विचारणारे, प्रतिकूल परीक्षण आल्यावर परीक्षकाची जात आणि गाव काढणारे, संपादकाला नोटीस पाठवण्याची भाषा करणारे लेखक मी अनुभवले आहेत. धाराशिवला २०२० मध्ये आणि उदगीरला २०२२ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने झाली, त्या निमित्ताने घाईघाईने छापलेली पुस्तकेही माझ्याकडे आली, आणि ती आणखी सहा महिने थांबली असती तर बरी झाली असती. अशा पुस्तकांवर मी तसेच लिहिले. काही लेखकांनी बोलणे सोडले. काहींनी दुसऱ्या हस्तलिखिताच्या वेळी, छापण्याआधी, ते वाचायला पाठवले.

अखेरीस एक प्रस्ताव. आपल्यापैकी जे संपादक तयार असतील त्यांनी मिळून, जिल्हावार आणि प्रकारवार परीक्षकांची एक समाईक यादी करावी: मोडी-उर्दू जाणणारे, कृषी क्षेत्रातले, गझलेचे जाणकार, बालवाचनालये चालवणारे, रहस्यकथांचे अट्टल वाचक, बंजारा आणि दखनी जाणणारे. एका अंकाला जो परीक्षक मिळत नाही, तो दुसऱ्याच्या यादीतून मिळावा. परभणी आणि हिंगोली या दोन जिल्ह्यांपुरती नावे जमवण्याचे आणि त्या व्यक्तींची संमती घेण्याचे काम मी करायला तयार आहे. आपले उत्तर दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू होण्यापूर्वी आले, तर यंदाच्याच अंकांसाठी चार-सहा पुस्तके योग्य हातांत देता येतील. त्यांत कवितासंग्रह एकापेक्षा अधिक नसावा, अशी माझी आगाऊ विनंती आहे.

आपला,
एक वाचक व परीक्षक
परभणी